परिक्रमेची तयारी करताना आजचा दिवस हातून निसटू नये म्हणून काय करावे?

मुठाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. येत्या जुलैअखेरीस मी बँकेतून निवृत्त होत आहे आणि कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून पायी नर्मदा परिक्रमा उचलायची, असे ठरवले आहे. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीर आणि धरणांच्या फुगवट्यामुळे घ्यावे लागणारे वळसे धरले, तर चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात जाते. एवढ्या चालीसाठी वर्षभर आधीपासून अंग तयार करायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पहाटे पर्वती चढते, सुट्टीच्या दिवशी पाठीवर वजन घेऊन तळजाईवर फिरते, जमिनीवर झोपण्याची सवय करत आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. गेले काही महिने माझे मन पुण्यात नसतेच. काउंटरपलीकडे निवृत्तिवेतनधारक आजोबा हयातीचा दाखला घेऊन उभे असतात आणि मी मनाने नर्मदेच्या मुखाशी, विमलेश्वरच्या नावेत बसलेली असते. संध्याकाळी आईजवळ बसते, ती तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल काही सांगत असते आणि माझ्या हातातल्या फोनवर मंडल्याच्या घाटाचे चित्रीकरण चाललेले असते. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. नोकरीचे हे शेवटचे महिने पुन्हा येणार नाहीत आणि आईजवळच्या संध्याकाळी किती उरल्या आहेत, हे कोणीच सांगू शकत नाही.

परिक्रमेत माणूस केवळ त्या त्या दिवसापुरता जगायला शिकतो, असे परतलेले बहुतेक सगळे सांगतात. पुढे मिळणाऱ्या त्या दिवसांसाठी हातात असलेले हे दिवस असे न जगताच घालवायचे का? तयारीही नीट व्हावी आणि आजचा दिवसही आपला राहावा, हे कोणाला साधले असेल तर कसे साधले, ते वाचायला आवडेल. ‘तयारी सोडा, मैया बघून घेईल’ एवढेच उत्तर मात्र कृपया देऊ नये.

रेवातीर

ताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून थोडा थांबलो, कारण मी त्यातले अर्धे सांगणारच होतो. मैया बघून घेते, हा माझा अनुभव आहे. पण गुडघे आणि तळपाय आपले आपणच बघायचे असतात. म्हणून तयारीचे दोन भाग करावेत, असे मला वाटते. शरीराची तयारी अवश्य करावी आणि मार्गाची तयारी जेमतेम कामापुरती करावी.

मार्गाबद्दल असे का म्हणतो, ते सांगतो. सरदार सरोवराची उंची आता १३८.६८ मीटर आहे आणि त्या धरणाच्या फुगवट्याखाली शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट मोठ्या प्रमाणावर गेली आहे. पाणी किती चढले आहे, त्यावर डोंगरातून कोणती वाट धरायची ते ठरते आणि ते तिथला पावरा किंवा भिल्ल मुलगाच सांगू शकतो. दुसरे उदाहरण विमलेश्वरचे. दक्षिण तीर तिथे संपतो आणि नदीमुखावरून नावेने मिठी तलाईला, म्हणजे उत्तर तीरावर जायचे असते. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, ती वेळ मध्यरात्रीचीही असू शकते, आणि नावेपुरते परिक्रमावासी जमले नसतील तर थांबावे लागते. पुण्यात बसून तुम्ही त्या नावेची तारीख वहीत लिहिली, तरी समुद्र ती वही वाचत नाही.

कोणत्या दिवशी किती चालणार आणि कुठे आसन लावणार, याची कोष्टके मांडत बसण्यात जो वेळ जातो, तोच आजच्या दिवसातून वजा होतो. ती कोष्टके सोडून द्या. त्यांच्यावाचून काहीही अडत नाही.

पायवाट

रेवातीर यांच्याशी सहमत आहे. एक भर घालतो. ऋतूंचे गणित मात्र आधी करायला हवे. कार्तिकात ओंकारेश्वराहून निघालेला माणूस कडक थंडीत समुद्राकडे आणि पुढे उत्तर तीरावर असतो, आणि अमरकंटकहून परतताना शेवटचा टप्पा निमाडच्या उन्हाळ्यात सापडू शकतो. खंडवा-खरगोन भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो. हे समजायला एक संध्याकाळ पुरते, त्यासाठी वर्ष लागत नाही.

ब्लूरिज

मी व्हर्जिनियात राहतो आणि माझा अनुभव अ‍ॅपलाचियन ट्रेलचा आहे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटरची ही वाट चौदा राज्यांतून जाते. सलग चालणाऱ्यांना साधारण पाच ते सात महिने लागतात आणि संपूर्ण चालायच्या निश्चयाने निघालेल्यांपैकी चौघांतला एकच शेवटपर्यंत पोहोचतो. इथे सदावर्त नाही, आश्रम नाहीत, अन्न स्वतः वाहायचे असते, म्हणून तयारीचे स्वरूप वेगळे आहे. तरीही मुठाकाठताईंनी जो प्रश्न विचारला आहे, तोच इथेही प्रत्येकाला भेटतो.

या वाटेचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या व्हर्जिनियात आहे. मार्च-एप्रिलमध्ये निघालेली माणसे सुरुवातीच्या उत्साहात तीन राज्ये ओलांडून इथे येतात आणि मग आठवड्यांमागून आठवडे तेच राज्य, तीच हिरवी दाट झाडी, पावसाने भिजलेले तेच बूट. या काळातल्या उदासीला इथे ‘व्हर्जिनिया ब्लूज’ असे नावच पडले आहे. माझ्या घराजवळच्या टप्प्यावर मी अशा अनेक चालणाऱ्यांना जेवायला घातले आहे. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसली. जे सतत कटाडिनबद्दल बोलतात ते इथेच खचतात, आणि आज दुपारी कोणत्या झऱ्यावर पाणी चांगले मिळाले हे जे उत्साहाने सांगतात ते पुढे जातात. अपवाद असतीलच, पण मला हा फरक खरा वाटतो.

म्हणून ताई, मला वाटते की तुमच्या परिक्रमेची सर्वांत अवघड तयारी आत्ता तुमच्या काउंटरवरच चालू आहे. एकसारख्या दिवसांत मन घरंगळू न देता तिथेच ठेवणे, याचा सराव पर्वतीवर होत नाही. तो हयातीच्या दाखल्यांच्या रांगेसमोर होतो.

दिंडीकर

ब्लूरिज यांचे शेवटचे वाक्य आवडले. पण धाग्याच्या मुळाशी असलेले एक गृहीतक मला मान्य नाही. पुढच्या गोष्टीची तयारी करणे म्हणजे आज न जगणे, असे आपण का धरून चाललो आहोत?

आमच्या गावातून आळंदी ते पंढरपूर वारीला जाणारे बहुतेक लोक शेतकरी आहेत. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची चाल. निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत माणूस शेतात असतो, कारण पाऊस वेळेवर झाला असेल तर पेरणी उरकून निघायचे असते आणि पाऊस लांबला असेल तर धाकट्या भावाला सगळे समजावून निघायचे असते. पेरणी म्हणजे चार महिन्यांनंतरच्या पिकाचा विचार. पण पाभरीमागे चालणाऱ्या माणसाचे लक्ष तासावर असते, कणसावर नसते. तो भविष्यासाठी काम करतो आणि तरी पूर्णपणे त्या क्षणी तिथे असतो. वारीची वेगळी तयारी तो करत नाही, हेही खरे नाही. वर्षभर मातीत चाललेले पाय हीच त्याची तयारी असते.

आणि ‘वारकरी काही न ठरवता निघतो’ असे शहरात कौतुकाने म्हटले जाते, ते तर मला अजिबात पटत नाही. दिंडीत तंबू, मालट्रक, शिधा, पाण्याचा टँकर, मुक्कामाची जागा, आजाऱ्याची सोय हे सगळे कोणीतरी महिनोन्महिने आधी ठरवलेले असते. दिंडीप्रमुख आणि त्यांचे चार सहकारी ही चिंता वाहतात म्हणून बाकीचे दोनशे जण निश्चिंत चालतात. कोणाचे वर्तमान निर्वेध असेल, तर त्याच्यामागे कोणाची तरी तयारी असते.

नकाशाप्रेमी

दिंडीकर, अगदी योग्य मुद्दा. मला स्वतःला तयारीत अतोनात आनंद मिळतो. तालुकानिहाय नकाशे पसरून अमरकंटक ते भरूच असे बोट फिरवत बसणे हा माझ्यासाठी वर्तमानातलाच आनंद आहे. नेमावरला नदीची नाभी मानतात, समोर हंडिया आहे, तिथून खाली इंदिरासागराचे अफाट पाणी आणि त्यात २००४ साली बुडालेले हरसूद, हे सगळे नकाशावर वाचताना मी दुसरीकडे कुठे नसतो, नकाशातच असतो. त्यामुळे रेवातीर यांनी कोष्टके सोडून द्या असे सांगितले, ते सर्वांना लागू करू नये, अशी विनंती.

रेवातीर

नकाशाप्रेमी, नकाशाला माझी मुळीच हरकत नाही. तुम्ही नकाशा पाहता तेव्हा नकाशाच पाहता. ताई आईजवळ बसून मंडल्याचा घाट पाहतात, अडचण तिथे आहे. हरकत घाटाला नाही, वेळेला आहे.

गोदाकाठची

मी परिक्रमा केलेली नाही. माझ्या यजमानांनी केली आहे, आणि मी घरी राहिलेल्या माणसाच्या बाजूने लिहीत आहे, कारण या बाजूने कोणी लिहीत नाही.

ते गेले तेव्हाचे महिने मला जड गेले नाहीत. रोज रात्री दोन मिनिटांचा फोन येत असे, कुठल्या आश्रमात आहेत, बालभोगाला, म्हणजे सकाळच्या न्याहारीला, काय मिळाले, पायाला काय झाले, एवढे कळत असे आणि तेवढे पुरत असे. जड गेले ते निघण्यापूर्वीचे वर्ष. माणूस घरात होता, जेवायला समोर बसत होता, पण कशात नव्हता. मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर घोंगडी न्यावी की शयनपिशवी न्यावी यावर बोलणे चालले होते. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण धर्मकार्याला जाणाऱ्या माणसाच्या पायात पाय घालू नये, असे आमच्याकडे मानतात. मुलगीही काही बोलली नाही. घरात अनेकदा असेच होते. जाणाऱ्याच्या संकल्पाचा मान राखायचा म्हणून बाकीचे गप्प राहतात आणि जाणाऱ्याला वाटते की सगळ्यांची संमती आहे.

परत आल्यावर ते फार बदलले होते. समोरच्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत ऐकणे, पानात पडेल ते मुकाट्याने खाणे, गाडी चुकली तरी शांत राहणे, हे सगळे खरे होते आणि आजही पुष्कळसे टिकून आहे. मी त्याबद्दल मैयाची ऋणी आहे. पण मुलीचा तो दिवस आता कोणीच परत आणू शकत नाही.

मुठाकाठताई, तुम्हाला हे निघण्यापूर्वी दिसले आहे, ही मोठी गोष्ट आहे. माझी एकच सूचना आहे. तयारीसाठी ठरावीक वेळ राखून ठेवा आणि तो घरातल्यांना सांगून ठेवा. शनिवारी दुपारी दोन तास फक्त परिक्रमेचे, असे एकदा सर्वांना माहीत झाले, की उरलेल्या वेळात कोणीही हक्काने म्हणू शकते, ‘आत्ता शनिवार नाही.’ आणि आईंशी परिक्रमेबद्दल बोलता का? त्यांना त्यात घेतलेत, तर कदाचित फोनची गरजच पडणार नाही. त्यांच्या पिढीने परिक्रमावासी पाहिलेले असतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

पायवाट

गोदाकाठची, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. घरच्यांची संमती आणि घरच्यांचे मौन यांतला फरक इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी मांडलेला वाचला नव्हता.

अस्थिबोध

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. भावनिक बाजूवर अनुभवी मंडळींनी उत्तम लिहिले आहे, म्हणून शरीराबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. त्याचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे.

१८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांना येणारी वेदनादायक सूज नोंदवली. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर कळले, की ती पावलाच्या लांब हाडांना गेलेली बारीक तड असते. आजही तिला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. ही तड पडण्यामागे एखादा मोठा आघात नसतो. नेहमीपेक्षा अधिक भार रोज पडू लागला, की हाड स्वतःची फेररचना करते. आधी थकलेला भाग झिजवून काढला जातो आणि नंतर तिथे नवे हाड भरले जाते. काढणे लवकर होते, भरणे सावकाश होते. त्यामुळे चाल एकदम वाढवल्यानंतरच्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा मजबूत नसते, उलट थोडे कमकुवत असते. नेमके याच वेळी हृदय आणि स्नायू सुधारलेले असतात, दम लागत नाही, उत्साह वाढलेला असतो, आणि माणूस अंतर दुप्पट करतो.

स्नायूंना काही आठवडे पुरतात, कंडरा आणि हाडे यांना महिने लागतात. हा वेळ विकत मिळत नाही आणि उसनाही आणता येत नाही. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी पंचवीस किलोमीटर चालण्यापेक्षा रोजची पाच-सहा किलोमीटर चाल हाडांना अधिक मानवते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांनी निघण्यापूर्वी हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते.

मूळ प्रश्नाशी संबंध असा, की शरीराला तुमची कार्तिकातली तारीख माहीत नसते. त्याला फक्त आज किती भार पडला आणि आज किती झोप मिळाली, एवढेच कळते. म्हणून तयारीचा शरीरापुरता भाग तरी आजच्या दिवसातच करावा लागतो. आज टाच दुखत असेल तर आज थांबायचे. ज्याचे मन सतत पुढे धावत असते, त्याला टाचेचे हे सांगणे ऐकू येत नाही आणि मग तो माझ्याकडे येतो.

मुठाकाठ (धागाकर्ती)

डॉक्टर, तुमचे शेवटचे वाक्य वाचून उजव्या टाचेकडे लक्ष गेले. सकाळी अंथरुणातून उठताना पहिली काही पावले टाकताना दुखते, नंतर थांबते. हे गंभीर आहे का?

अस्थिबोध

ताई, न तपासता निदान करणे योग्य नाही. सकाळची पहिली पावले दुखणे हे बहुधा तळव्याच्या पट्ट्याला आलेल्या सुजेचे लक्षण असते आणि वेळीच लक्ष दिले तर ते आटोक्यात येते. पोटरीचे आणि तळव्याचे ताण देण्याचे व्यायाम, घरातही मऊ तळाची चप्पल, आणि काही दिवस चढ बंद. जवळच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. आणि परिक्रमेसाठी बूट घ्याल तेव्हा संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्या. लांब चालीत पावले पसरतात.

अनवाणी

बुटांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. अ‍ॅपलाचियन ट्रेल १९५५ साली एकटीने सलग पार करणाऱ्या एम्मा गेटवुड या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. अकरा मुलांच्या आई. पायांत कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. दोन वर्षांनी त्यांनी ती वाट पुन्हा चालून दाखवली. मग आपण सामानाच्या याद्यांमध्ये एवढे का अडकतो?

ब्लूरिज

अनवाणी, गेटवुडबाईंचे नाव इथे आजही अत्यंत आदराने घेतले जाते. पण त्यांची पिशवी हलकी होती याचा अर्थ त्यांची तयारी नव्हती, असा नाही. १९५४ साली त्या मेनच्या बाजूने निघाल्या होत्या, वाट चुकल्या आणि परतल्या. दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडून निघाल्या. शिवाय आयुष्यभर शेतावर राबलेल्या शरीराला तळजाईवर वेगळे चालावे लागत नाही. दिंडीकरांनी शेतकऱ्यांच्या पायांबद्दल जे लिहिले, तेच इथे लागू होते. बँकेत खुर्चीवर काम केलेल्या माणसाने बाईंच्या पिशवीचे अनुकरण करावे, पण त्यांच्यासारखे सरावाशिवाय निघू नये.

नकाशाप्रेमी

मघाशी मी नकाशाची बाजू घेतली, पण चित्रफितींबद्दल माझे मत वेगळे आहे. हल्ली परिक्रमेतला प्रत्येक घाट, प्रत्येक आश्रम, प्रत्येक वळण कोणीतरी चित्रित करून ठेवलेले आहे. नकाशा जागा दाखवतो, पण तिचे दर्शन शिल्लक ठेवतो. चित्रफीत ते दर्शनही आधीच देऊन टाकते. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर पहिल्यांदा पाऊल ठेवताना ‘हे तर पाहिलेले आहे’ असे वाटावे, यापरते नुकसान कोणते?

पायवाट

इथे मात्र मी असहमत आहे. एकट्या स्त्रीला कोणत्या आश्रमात स्वतंत्र खोली आहे, कुठे मुक्काम टाळावा, कोणत्या टप्प्यात सोबत शोधूनच निघावे, हे आधी समजणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे आणि ही माहिती आज अशाच चित्रफितींमधून आणि परिक्रमावासींच्या गटांमधून मिळते. दर्शनाच्या शुद्धतेसाठी ती सोडा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रेवातीर

दोघांचेही बरोबर आहे आणि यातून वाट काढता येते. मुक्कामांची माहिती लिखित स्वरूपात, शक्यतो नुकत्याच परतलेल्या एखाद्या परिक्रमावासी स्त्रीला विचारून घ्यावी. त्यासाठी दोन-तीन दीर्घ संभाषणे पुरतात. रोज संध्याकाळी पाहिली जाणारी चित्रफीत माहितीसाठी नसते, ती ओढीपोटी पाहिली जाते. ओढ असणे चांगलेच आहे, पण दर संध्याकाळी थोडी थोडी भागवली तर निघेपर्यंत तिच्यातले काय उरेल?

उत्तरवाहिनी

बरेच दिवस हा धागा वाचत आहे. माझी बाजू सांगू की नको, अशा विचारात होतो.

मी पूर्ण परिक्रमेसाठी दीर्घकाळ तयारी केली. निघण्याच्या वर्षी गुडघ्यांचा संधिवात बळावला आणि डॉक्टरांनी लांब चाल कायमची बंद केली. ज्याची तयारी केली ते कधीच घडणार नाही, हे स्वीकारायला वेळ लागला. त्या काळात मी पुन्हा पुन्हा हाच प्रश्न स्वतःला विचारला, की मग त्या सगळ्या पहाटा गेल्या कुठे?

उत्तर मला हळूहळू मिळाले. टेकडीवर रोज भेटणारे तीन सोबती आज माझे सर्वांत जवळचे मित्र आहेत. जमिनीवर झोपण्याच्या सवयीने पाठ सुधारली. परिक्रमेत मागून खावे लागेल म्हणून चवीचे हट्ट सोडले होते, ते आजही सुटलेलेच आहेत. आणि पुढे एका चैत्रात, डॉक्टरांच्या परवानगीने आणि दोन काठ्यांच्या आधाराने, रामपुरा ते तिलकवाडा ही उत्तरवाहिनी परिक्रमा केली. नदी तिथे उत्तरेकडे वाहते, सुमारे एकवीस किलोमीटरची चाल असते आणि इतर जण ती एका दिवसात सहज करतात. मला पहाटेपासून रात्रीपर्यंत वेळ लागला. माझ्यासाठी ती पूर्ण आहे.

मुठाकाठताई, तुमची परिक्रमा निर्विघ्न होवो. पण तयारीचा दिवस असा जगा, की उद्या काही कारणाने जाणे राहिले तरी तो दिवस वाया गेला, असे म्हणावे लागणार नाही. मी हे सांत्वन म्हणून लिहीत नाही, माझ्या बाबतीत हे असेच झाले आहे.

दिंडीकर

उत्तरवाहिनी, नमस्कार करतो. यापुढे काही लिहायला संकोच वाटतो.

गोदाकाठची

मलाही. तुमचा प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी तुम्हाला ‘नर्मदे हर’ सांगितले आहे.

मुठाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कोणी लिहील, अशी अपेक्षा नव्हती.

काय ठरवले ते सांगते. फोनवरच्या चित्रफिती बंद केल्या आहेत. रेवातीर यांच्या सूचनेप्रमाणे नुकत्याच परतलेल्या एका ताईंशी बोलणे ठरले आहे आणि मुक्कामांची माहिती त्यांच्याकडून लिहून घेणार आहे. शनिवारचे दोन तास घरात जाहीर केले आहेत. आईलाही विचारले. तिने लगेच सांगितले, की तिच्या आजोळी जळगावकडे परिक्रमेहून परतलेले एक बुवा येत, त्यांच्याकडे नदीच्या पाण्याची छोटी कुपी असे आणि ते तिची रोज पूजा करत. मला हे माहीत नव्हते. ती आता रोज नवे काही सांगते आणि मी ते वहीत उतरवून घेते, मुक्कामांच्या कोष्टकासाठी आणलेल्या त्याच वहीत.

कामाबद्दल ब्लूरिज यांनी जे लिहिले, ते अजून पूर्णपणे साधत नाही. रांग मोठी असली की मन निसटतेच. पण आता निसटले की कळते, आणि मग समोरच्या माणसाचे नाव वाचून त्यांना नावाने हाक मारते. तेवढ्याने पुष्कळदा परत येता येते.

टाच तपासली. अस्थिबोध यांनी म्हटले तेच निघाले. चढ तूर्त बंद आहे, सपाटीवर चालते. ती बरी झाली की के टू एस करावे, म्हणजे कात्रज ते सिंहगड, असा विचार आहे. कोणी सोबत येणार असेल तर कळवावे.

नकाशाप्रेमी

मी येतो. मार्गावरच्या पाण्याच्या जागा माहीत आहेत, निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगतो.

अस्थिबोध

ताई, के टू एस आत्ताच नको. तिथे एकामागून एक टेकड्या आहेत आणि खरी परीक्षा चढापेक्षा उतारावर होते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि तळव्याला दर पावलागणिक धक्का बसतो. शिवाय तो ट्रेक बहुधा रात्री करतात आणि अंधारात पाऊल वाकडे पडण्याचा धोका वाढतो. टाच पूर्ण शांत झाल्यावर प्रथम काही आठवडे पाठीवर वजन न घेता पर्वती, मग आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, तोही उतरताना काठी घेऊन, आणि ते निभले तर के टू एस. नकाशाप्रेमींनी पाण्याच्या जागा तोवर सांभाळून ठेवाव्यात.

मुठाकाठ (धागाकर्ती)

मान्य आहे. मग पहिल्यांदा पर्वतीच. कोणाला यायचे असेल तर मी रोज पहाटे साडेपाचला पायथ्याशी असते. टाच बरी होईपर्यंत वर जाणार नाही, खालच्या रस्त्याने फिरेन, पण सोबत चालेल.